कुकडीकाठची काच : विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

२ डिसेंबर २०२३

फेब्रुवारीतल्या विज्ञान दिनाला भूगर्भशास्त्र विभागाने काय मांडायचं, यावर आज बैठक झाली. दरवर्षी थर्माकोलचा ज्वालामुखी असतो. त्यात खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओतलं की फेस येतो, टाळ्या पडतात, आणि बघणारा ज्वालामुखीबद्दल काहीही न शिकता पुढच्या टेबलाकडे जातो. यंदा मी 'ज्वालामुखी काच' हा एकच विषय मागून घेतला आणि तो मिळाला.

मागण्याचं कारण असं की आपल्याच जुन्नर तालुक्यात, बोरी बुद्रुकजवळ कुकडीच्या काठावर, सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची राख सापडते. लाकडाच्या राखेशी तिचा काही संबंध नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर ती जवळजवळ सगळी काच आहे. भूगर्भशास्त्राची पोरं पुस्तकात हवाई आणि आइसलँड वाचतात, पण एस.टी.ने गाठता येईल अशी ही जागा त्यांतल्या बहुतेकांनी पाहिलेली नाही.

मांडणीचा धागा बैठकीतच ठरवून टाकला. शिलारस इतक्या झटकन थंड झाला की अणूंना स्फटिकात रचून बसायला उसंत मिळाली नाही, म्हणजे काच. ही रचना अर्धवट राहिलेली असते. काचेची धार, तिचं फुगणं, चुन्याशी जुळणं, पाणी पिऊन हळूहळू बदलणं, हे सगळं त्या अर्धवटपणातून येतं. प्रत्येक टेबलावर हेच दिसलं पाहिजे. नुसते नमुने आणि खाली चिठ्ठ्या, असं नको.

५ डिसेंबर

विभागाचं लाकडी कपाट उघडलं. प्रयोगशाळेतल्या काकांनी खालच्या खणातून ऑब्सिडियनचा, म्हणजे काळ्या ज्वालामुखी काचेचा, तुकडा काढून दिला. जुन्या चिठ्ठीवर 'लिपारी' एवढंच लिहिलंय. लिपारी हे सिसिलीच्या उत्तरेचं बेट, नवाश्मयुगात तिथली काळी काच होडीतून दूरदूर जात असे.

तुकडा मुठीएवढा. एका अंगाला तुटलेला भाग आहे आणि त्यावर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारख्या एकाबाहेर एक गोलसर लाटा उमटल्यात. उजेडात धरला तर जाड भाग डांबरासारखा काळा दिसतो, पण कडेला जिथे तो कागदाएवढा पातळ होतो तिथून धुरकट तपकिरी उजेड आरपार येतो. काळेपणा लोहाच्या आणि इतर खनिजांच्या अतिसूक्ष्म कणांचा. मूळ काच जवळजवळ बिनरंगीच.

हा नमुना फोडायचा नाही. दगडी हत्यारं कशी घडतात ते बाटलीच्या बुडावर दाखवू. फुटण्याच्या बाबतीत दोन्ही काचा सारख्याच वागतात.

१० डिसेंबर

बोरीला जाऊन आलो. टी.वाय.ची मुलं, मी आणि काका.

नदीने कापलेल्या काठात थर स्पष्ट दिसतात. तपकिरी गाळ, त्यात चुनखडीचे गोळे, आणि मध्येच करडा-पांढरा पट्टा. तो बोटांनी चोळला की आधी पिठूळ लागतो, मग दोन बोटांमध्ये बारीक करकर जाणवते. मुलांना म्हटलं, ही करकर लक्षात ठेवा, उद्या मायक्रोस्कोपखाली तीच बघायचीय. काठ कुठेही खणला नाही. खाली ढासळून पडलेल्या ढेकळांतूनच थोडी राख घेतली, तीही शेतमालकांना विचारून. जागा पुरातत्त्वाच्या दृष्टीने मोलाची आहे. राखेच्या संगतीत आदिमानवाची दगडी हत्यारं, अश्युलियन पद्धतीच्या हातकुऱ्हाडी, इथे मिळालेल्या आहेत.

शेतमालक आजोबांनी विचारलं, "मॅडम, इथं जवळपास डोंगर फुटला व्हता का कधी?" मी सांगितलं की आपले डोंगर लाव्हाचेच आहेत, पण ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. ही राख त्यांची नव्हे, समुद्रापलीकडून आली. ते बराच वेळ पट्ट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वाऱ्यानं एवढं?" एवढं! तोबा इथून तीन हजारांहून अधिक किलोमीटरवर आहे. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या त्या उद्रेकात २,००० घन किलोमीटरच्या वर शिलारस बाहेर पडला आणि मागे जो खड्डा राहिला, त्यात आज १०० किलोमीटर लांबीचं तळं आहे.

पट्टा इतका जाड कसा, हे मुलांना नीट समजावलं पाहिजे. आकाशातून थेट पडलेला थर बहुधा काही सेंटीमीटरांचाच असणार. पावसाने उतारावरची राख धुऊन ओढ्या-नद्यांत आणली आणि सखल जागी ती साठत गेली. बोरीत राख किती जाड, यावरून तेव्हा आभाळातून किती पडली, असा हिशोब मांडता येत नाही.

१२ डिसेंबर

राख धुण्यात दिवस गेला. पाण्यात ढवळायची, माती वर तरंगत असतानाच गढूळ पाणी ओतून द्यायचं, परत पाणी. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं, चुनखडीचे कण फसफसून विरघळले. शेवटी ६३ मायक्रॉनची चाळणी. वर राहिलेला माल ओव्हनमध्ये सुकवला तर काचपट्टीवर पांढरी चकाकणारी पूड आली.

१३ डिसेंबर

आजचा दिवस या कामातला सगळ्यात आनंदाचा.

पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली राखेचे कण पाहिले. गोल कण नाहीतच. वाकडे पातळ पापुद्रे, चंद्रकोरी, आणि तीन भिंती जिथे मिळतात तसे इंग्रजी वाय अक्षरासारखे तुकडे. शिलारसात वाफेचे बुडबुडे फुगत गेले, एकमेकांना भिडले आणि फुटले. आपण पाहतो ते त्या बुडबुड्यांच्या भिंतींचे अवशेष. एका कणाची वक्र कड इतकी नितळ होती की तिच्यावरून बुडबुडा केवढा होता, त्याचा अदमास मुलांनी कागदावर काढला.

क्रॉस निकोल केले, म्हणजे कणाच्या खाली-वर दोन ध्रुवक एकमेकांना आडवे लावले, की काच काळीठिक्कर पडते, स्टेज कितीही फिरवा. स्फटिक असेल तर फिरवताना उजळतो-मावळतो. काळ्या पडद्यावर मधूनच एखादा क्वार्ट्‌झचा कण लखलखला, एक-दोन काळ्या अभ्रकाच्या चकत्याही दिसल्या. रचना नाही म्हणजे काय, हे फळ्यावर कितीही सांगितलं तरी पोहोचत नाही. इथे मात्र टी.वाय.ची एक मुलगी आपणहून म्हणाली, "मॅडम, म्हणजे हिला कुठलीच दिशा नाही."

मग अपवर्तनांकाची, म्हणजे काच उजेडाला किती वळवते त्याची, परीक्षा. महागडी द्रवं नाहीत म्हणून औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन (१.४७) आणि लवंगाचं तेल (१.५३) वापरलं. मायक्रोस्कोपची नळी वर उचलली की कणाच्या कडेची उजळ रेषा जास्त अपवर्तनांकाच्या बाजूला सरकते. ग्लिसरीनमध्ये रेषा कणाच्या आत गेली, लवंगाच्या तेलात बाहेर. म्हणजे काच दोन्हींच्या मध्ये, १.५० च्या आसपास. ही सिलिकाने भरलेल्या रायोलाइट काचेची खूण. बेसॉल्टची काच असती तर लवंगाच्या तेलातही रेषा आतच सरकली असती. थोडक्यात, ही राख सह्याद्रीच्या बेसॉल्टची नाही, हे आमच्या मुलांनी दोन छोट्या बाटल्यांच्या जोरावर स्वतः पडताळलं.

१६ डिसेंबर

बोरीच्या वयाचा वाद भिंतीवरच्या तक्त्यात घ्यायचा का, यावर मुलांशी चर्चा झाली. मी आग्रहाने घ्यायला लावला.

१९८० च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी ही राख उजेडात आणली. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने पहिलं वय सुमारे १४ लाख वर्षं आलं. तसं असेल तर सोबतच्या हातकुऱ्हाडी भारतातल्या अतिप्राचीन ठरल्या असत्या. १९९५ मध्ये आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने सुमारे ६.७ लाख आलं. दुसरीकडे काचेची रासायनिक घडण तपासणाऱ्यांचं म्हणणं पडलं की ही तोबाच्या सगळ्यात अलीकडच्या, ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची राख आहे. १९९८ मध्ये तर भारतीय द्वीपकल्पातली तोबाची सगळी राख त्याच एका उद्रेकाची, असा निष्कर्ष छापून आला. गोम ही की नदीने वाहून आणलेल्या राखेत जुन्या खडकांचे कण मिसळतात. वय काढताना तसे चार कण आत गेले तरी आकडा लाखांनी मागे सरकतो. काचेचा एकेक कण वेगळा तपासला तर ही भेसळ टाळता येते.

माझं मत काचेच्या बाजूचं आहे, आणि तक्त्यावर तसं लिहू. जुन्या आकड्यांच्या ओळीही तिथे राहतील.

शेजारी आंध्रातल्या ज्वालापुरमचा एक फोटो लावायचा. जुर्रेरू खोऱ्यात राखेच्या थराच्या खाली आणि वर, दोन्हीकडे दगडी हत्यारं मिळाली, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. राख पडल्यावरही तिथे माणूस होता असा त्याचा अर्थ लावला गेला. तिथली राख धुण्या-घासण्याच्या पावडरीसाठी खणून नेली जात होती. काचेचे कण भांडी चांगली घासतात, पण त्यापायी थर नाहीसा होतो.

२० डिसेंबर

चुन्याचे ठोकळे आज घातले, कारण त्यांना दोन महिने लागतील.

कळीचा चुना आधीच भिजवून विरवून ठेवला होता. तीन साचे: एकात चुना आणि नदीची वाळू, दुसऱ्यात चुना आणि विटांची सुरखी, तिसऱ्यात चुना आणि प्यूमिसची पूड. प्रमाण तिन्हींत एकास तीन. प्यूमिस म्हणजे फेसाळलेली ज्वालामुखी काच. पूड दातांच्या सामानाच्या दुकानात मिळाली, कवळ्या घासून गुळगुळीत करायला ती वापरतात.

रोमन लोकांनी नेपल्सजवळच्या पोझुओलीची राख चुन्यात कालवून समुद्रात धक्के बांधले, ते याच गुणावर. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, पाण्याखाली तो विरत जातो. काचेतली सिलिका आणि ॲल्युमिना मात्र स्फटिकात जखडलेली नसल्याने चुन्याशी थेट संयोग पावते आणि पाण्यातही दगडासारखं संयुग तयार होतं. वाळूतही सिलिकाच असते, पण ती स्फटिकात पक्की बांधलेली, चुन्याला दाद देत नाही.

आपल्याकडे हेच काम सुरखीने केलं. किल्ल्यांवर चुन्याच्या घाण्या दिसतात, टाक्यांच्या आतल्या गिलाव्यांत भाजलेल्या विटेची लाली दिसते. आणि आज औष्णिक वीज केंद्रांतून निघणारी फ्लाय ॲश सिमेंटात जाते, तीही बहुतांशी काचेच्या गोळ्याच. भट्टीत वितळून झटकन थंड झालेल्या.

४ जानेवारी २०२४

परलाइटचा दिवस. नारायणगावच्या बाजूला रोपवाटिकांना तोटा नाही. एका ठिकाणी कोकोपीटमध्ये मिसळायचा पांढरा परलाइट घेतला. मालकांना वाटत होतं हा थर्माकोलचा भाऊ. ही ज्वालामुखी काच आहे म्हटल्यावर त्यांनी मूठभर हातात घेऊन दाबून पाहिला. शेजारच्या पोत्यातला सोनेरी व्हर्मिक्युलाइट मात्र काच नव्हे, तो अभ्रकाचा भाऊबंद.

कच्चा परलाइट एका फुगवणाऱ्या कारखान्याने नमुन्यापुरता दिला. करडी, मोत्यासारखी झाक असलेली खडी. भिंगातून पाहिलं तर कांद्याच्या पाकळ्यांसारख्या गोलाकार भेगा.

मफल भट्टी ९०० अंशांवर नेली, मूस आत तापू दिली, मग चिमूटभर खडी तिच्यात टाकली. काही सेकंदांत कण ज्वारीच्या लाहीसारखे फुटून पांढरेफटक झाले. वजन जवळपास तेवढंच, आकारमान कितीतरी पट. कारखान्यात ते चौपटीपासून वीसपटीपर्यंत वाढतं. परलाइटमध्ये वजनाच्या २ ते ५ टक्के पाणी असतं. काच मऊ पडते त्याच वेळी पाण्याची वाफ होते आणि प्रत्येक कण आतून फुगतो.

मुद्दाम दुसरी चिमूट थंड भट्टीत ठेवून सावकाश तापवली. पाणी काच मऊ व्हायच्या आधीच निसटून गेलं, कण नीट फुगलेच नाहीत. दोन्ही नमुने शेजारी ठेवायचे. या टेबलावर याहून अधिक काही सांगावं लागणार नाही.

फुगलेला परलाइट इतका हलका आणि उष्णतेला इतका अडसर करणारा असतो की उणे १६२ अंशांवरचा द्रवरूप नैसर्गिक वायू साठवणाऱ्या टाक्यांच्या दोन भिंतींमध्ये तो भरतात. फळांचे रस गाळायलाही लागतो. मुलांसाठी सूचना: पोतं उघडताना मास्क लावा, आधी पाणी शिंपडा. धूळ घशाला लागते.

११ जानेवारी

"आपला सगळा सह्याद्री लाव्हाचा, तर इथे ऑब्सिडियन का नाही?" आज एस.वाय.च्या वर्गात हा प्रश्न आला. विचारायलाच हवा होता.

उत्तराचे दोन भाग. पहिला: आपला लाव्हा बेसॉल्टचा, पातळ आणि वाहता. त्यात अणू सहज हलतात, म्हणून तो चटकन स्फटिकतो. काच राहते ती फक्त जिथे तो थंड खडकाला किंवा पाण्याला टेकला तिथे, भित्तींच्या (भेगांत शिरून गोठलेल्या लाव्हाच्या उभ्या पट्ट्यांच्या) कडेला बोटभर जाडीचा काळा पट्टा. त्याला टॅकिलाइट म्हणतात. ऑब्सिडियन होतो तो सिलिकाने दाट झालेल्या, मधापेक्षा कितीतरी घट्ट शिलारसातून. दुसरा: साडेसहा कोटी वर्षांत काच टिकत नाही. पाणी तिच्यात शिरतं आणि तिचं पॅलॅगोनाइट (पाणी मुरून बदललेली काच), माती, झिओलाइट (पाणी धरून ठेवणारी स्फटिकी खनिजं) होतं. पुणे, नाशिक, जळगावकडचे जे झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत मांडलेत, ते खडकातून आणि त्यातल्या काचेतून पाण्याने काढून नेलेल्या द्रव्यांपासूनच घडले. आपली काच हरवली नाही, तिचं रूप बदललं.

अपवाद म्हणून गुजरातचा उल्लेख केला. राजकोट जिल्ह्यात पाटणवावजवळच्या ओसम डोंगरात त्याच काळातला रायोलाइट आहे आणि परलाइटचे साठेही. तिथली काच टिकली, पण पाणी पिऊन.

लोणारचं विचारलं गेलंच. तिथली काच उल्केच्या आघाताने बेसॉल्ट वितळून झालेली, ज्वालामुखीची नव्हे. प्रदर्शनात घेणार नाही.

१८ जानेवारी

हत्यारांचं टेबल. जाड चामडं मांडीवर, गॉगल, हातमोजे, खाली ताडपत्री. नदीतल्या गोट्याने बाटलीचं बूड ठोकून पहिला छिलका काढला, मग तांब्याच्या टोकाने दाबून बारीक पाती. एका पात्याने जास्त पिकलेला टोमॅटो कापून दाखवला. साल न दबता, रस न सांडता अर्धपारदर्शक चकती निघाली. नारायणगावच्या मुलांना टोमॅटोची पारख सांगावी लागत नाही. ती एकदम गप्प झाली.

पोलादाच्या धारेत धातूचे कण असतात, फार मोठं करून पाहिलं की ती करवतीसारखी दिसते. काचेत कण नाहीत, त्यामुळे भेग अडखळत नाही आणि धार काही नॅनोमीटरांपर्यंत उतरते. ऑब्सिडियनच्या शस्त्रक्रियेच्या पात्यांबद्दल मुलांनी पुष्कळ ऐकलंय. १९९३ मध्ये उंदरांवर केलेल्या तुलनेत पहिल्या दोन आठवड्यांत ऑब्सिडियनच्या जखमेचा व्रण अरुंद होता, पुढे फरक उरला नाही. शिवाय पातं आडव्या जोराने कडकन मोडतं. तक्त्यावर एवढंच जाईल.

मेक्सिकोत पाचूकाच्या हिरवट ऑब्सिडियनपासून हजारो पाती निघत. आपल्या घोड नदीकाठच्या इनामगावला जोर्वे संस्कृतीच्या लोकांनी तशीच लांब समांतर पाती काढली, पण कॅल्सेडोनीची. काच नव्हती, पण बेसॉल्टच्या पोकळ्यांत साठलेला हा सिलिका हाताशी होता. आमच्या संग्रहातला कॅल्सेडोनीचा गोटा लिपारीच्या तुकड्याशेजारी ठेवला.

ऑब्सिडियनचा उगमही काच स्वतःच सांगते. १९६४ मध्ये कॅन आणि रेनफ्रू यांनी बेरियम, झिर्कोनियमसारख्या अल्पांश मूलद्रव्यांवरून पातं कुठल्या ज्वालामुखीचं ते ओळखून दाखवलं. २०२१ मध्ये याच प्रकारच्या तपासणीतून ब्रिटिश म्युझियममधला, सोळाव्या शतकातले इंग्रज पंडित जॉन डी यांचा काळा आरसा पाचूकाच्या काचेचा ठरला. आणि १९६० मध्ये फ्रीडमन आणि स्मिथ यांनी मांडलं की पातं फोडल्या दिवसापासून ताज्या पृष्ठभागात पाणी मुरायला लागतं, त्या थराची जाडी मोजून काळ काढता येतो. तापमानाप्रमाणे वेग बदलतो, म्हणून हिशोब नाजूक. पण परलाइटला फुगवणारं, पात्याचं वय सांगणारं आणि सह्याद्रीतली काच मुरवून टाकणारं पाणी एकच आहे. ही ओळ मोठ्या अक्षरांत.

२ फेब्रुवारी

विमानांचा छोटा तक्ता झाला. २४ जून १९८२ ला लंडनहून मुंबई, मद्रास, क्वालालंपूर करत निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान जावाच्या गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. काच इंजिनात वितळून आत चिकटते. खाली येताना ती थंड होऊन तडकली, इंजिनं पुन्हा चालू झाली, विमान जकार्ताला सुखरूप उतरलं. समोरची काच मात्र घासून आंधळी झाली होती.

२१ फेब्रुवारी

ठोकळे काढले. आठवडाभर ओल्या गोणपाटात आणि त्यानंतर आतापर्यंत पाण्यात होते.

वाळूचा ठोकळा उचलताच कोपरा हातात आला, बोटाने दाबल्यावर मऊ लगदा. सुरखीचा टिकला, नखाने ओरखडा उठतो. प्यूमिसचा टेबलावर ठेवताना टक् वाजला, नख घसरलं. काकांनी त्यावर उभं राहून पाहिलं. त्यांचे वडील गवंडी होते. "सुरखी आणखी बारीक दळली असती तर तीपण अशीच धरली असती," ते म्हणाले, आणि ते अगदी बरोबर आहे. कण बारीक तितका चुन्याला भिडणारा पृष्ठभाग जास्त. सुरखीची दुसरी, बारीक दळलेली घाणी आजच घालून ठेवली. प्रदर्शनापर्यंत ती तयार होणार नाही, जूनमध्ये तपासायची.

२८ फेब्रुवारी

प्रदर्शन झालं. सगळ्यात गर्दी भट्टीपाशी आणि मायक्रोस्कोपपाशी. एका आजीबाईंनी प्यूमिसचा दगड पाण्यावर तरंगताना पाहून "ही तर वजरी" म्हणत उचलून टाचेवर घासून बघितला. तसा वापर होतोच, त्यांना आणखी काय सांगणार!

बोरीच्या जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी मुलांना घेऊन आले होते. त्यांच्याच गावच्या राखेची काचपट्टी मुलांनी आळीपाळीने पाहिली. गुरुजींना पक्क्या बसवलेल्या दोन काचपट्ट्या, लवंगाच्या तेलाची बाटली आणि पद्धत लिहिलेला कागद दिला. शाळेत साधा मायक्रोस्कोप आहे, कणांचे आकार त्यावरही दिसतात. क्रॉस निकोलसाठी जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची ध्रुवक फिल्म चालते, तिचे दोन तुकडे पुढच्या आठवड्यात कापून पाठवायचे आहेत.